गळ्यात तीन, जागा एकच

प्रश्न, थोडक्यात : पत्र नाशिकहून आलंय. वाचक ३१ वर्षांच्या आहेत, गंगापूर रोडला राहतात आणि सातपूरच्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करतात. जाणं-येणं स्कूटरवर, तोंडाला स्कार्फ. कामानिमित्त अधूनमधून शॉप फ्लोअरवरही जावं लागतं. गळ्यात रोज काळ्या मण्यांचं छोटं मंगळसूत्र असतं, १८ इंची. आईने दिलेली सोन्याची बारीक चेनही १८ इंचीच, तिला साधारण इंचभर लॉकेट. हौसेने घेतलेली एक ऑक्सिडाइज्ड चेन २० इंची. शिवाय कपाटात आजीची ठुशी आहे. फोटोंत पाहून त्यांनी दोन-तीन चेन एकावर एक घालून पाहिल्या. अर्ध्या तासात गुंता झाला, लॉकेट मानेमागे गेलं, हूक पुढे आला आणि दोन दिवसांत मानेवर लाल रेघ उमटली. सासूबाई म्हणाल्या, "मंगळसूत्र आहे ना गळ्यात? रोजच्याला एवढं कशाला?" आता त्यांना विचारायचंय ते असं : मंगळसूत्र काढून ठेवलं तरच हे जमेल का? सोनं आणि चांदी एकत्र चालतं का? भिशीचे ४० हजार हातात आलेत, त्यातून तीन पदरी तयार सेट घ्यावा का?

उत्तर :

तुम्ही प्रत्येक चेनची लांबी पत्रात लिहिलीत, त्याबद्दल आधी आभार. बहुतेक पत्रांत "छोटी", "मोठी", "मध्यम" एवढंच असतं आणि मग कुणाला काही सांगता येत नाही. तुमचं उत्तर त्या आकड्यांतच आहे : १८, १८ आणि २०. तिघींना बसायला जागा एकच, मग गुंता होणारच. यात तुमची निवड चुकलेली नाही आणि मंगळसूत्राची अडचण तर मुळीच नाही.

दोन इंच लांब चेन दोन इंच खाली येईल असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. वाढलेली लांबी डावी-उजवीकडे वाटली जाते, त्यामुळे दोन इंच वाढवले तर चेन खाली उतरते साधारण एकच इंच. म्हणजे तुमची १८ इंची आणि २० इंची चेन यांच्यात दिसणारं अंतर जेमतेम इंचभर. त्यात १८ इंचीला इंचभराचं लॉकेट. लॉकेटचं खालचं टोक नेमकं २० इंचीवर जाऊन टेकतं. मान वळवली, वाकून फाइल उचलली, की लॉकेट खालच्या चेनवर घासतं, एकदा तिच्या पलीकडे पडतं, पुन्हा अलीकडे येतं, आणि पीळ बसायला सुरुवात होते. तिकडे मंगळसूत्र आणि सोन्याची चेन एकाच लांबीच्या, म्हणजे मानेपासून छातीपर्यंत एकाच रेषेत एकमेकींना चिकटून चालणाऱ्या. बारीक चेन जाडीला हरते आणि मण्यांभोवती गुंडाळली जाते.

म्हणून हिशेब असा ठेवा. वरच्या चेनला काहीच लटकत नसेल तर खालची दोन इंचांनी मोठी असली की भागतं. वरच्या चेनला लॉकेट किंवा वाट्या असतील तर खालची चार इंचांनी मोठी हवी. तुमच्या मंगळसूत्राला वाट्या आहेत, म्हणजे त्याच्या खाली काही घालायचं तर २२ इंची. वर घालायचं तर १६ इंची, आणि तीही लॉकेट काढून.

आता तुमच्या मनातल्या एका समजुतीबद्दल. पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंय की "हे आपल्याकडचं नाही, म्हणून आपल्या दागिन्यांवर बसत नाही." मला वाटतं, नेमकं उलट आहे. ठुशी गळ्यालगत, तिच्याखाली बोरमाळ, मग मोहनमाळ, सगळ्यात खाली लक्ष्मीहार किंवा चपलाहार, ही जुनी मांडणी आठवून पाहा. प्रत्येक दागिन्याची जागा ठरलेली, प्रत्येकाची घडण वेगळी. ठुशी दाट मण्यांची आणि मागे दोरीने गळ्याशी धरून ठेवलेली, त्यामुळे ती सरकत नाही. बोरमाळेचे मणी फुगीर, मोहनमाळेचे बारीक आणि गोल, चपलाहाराच्या चकत्या. एकीचं दुसरीत अडकायला जागाच नाही. आपल्याकडे त्याला शब्दही आहे, पदर. दोन पदरी, तीन पदरी. आजच्या फोटोंत दिसतं ते हेच तत्त्व, फक्त हलक्या वजनात. तेव्हा मंगळसूत्र बाजूला ठेवून परकं काहीतरी शिकायचं आहे अशी सुरुवात करू नका. जे गळ्यातून उतरत नाही ते पक्कं धरा आणि बाकीचं त्याच्याभोवती मांडा.

मंगळसूत्र त्या कामाला फार चांगलं आहे. वाट्या गाठवून जागेवर बसवलेल्या असतात, त्यामुळे त्यांचं वजन मधोमध राहतं आणि हूक सहसा पुढे येत नाही. तुमचं लॉकेट मात्र चेनवर मोकळं सरकतं आणि वजनाला हलकं आहे. हूक आणि त्याच्या शेजारच्या कड्या मिळून लॉकेटपेक्षा जड झाल्या, की जड बाजू खाली यायला बघते. म्हणून हूक पुढे, लॉकेट मागे. यावर दोन इलाज आहेत. एक म्हणजे लॉकेट जरा वजनदार घेणं. दुसरा स्वस्त आणि मला जास्त आवडणारा : सोनाराकडून लॉकेटच्या दोन्ही बाजूंना कडी लावून ते चेनच्या मधोमध जोडून घ्यायचं. मग ते सरकतच नाही. लॉकेट काढून दुसरं घालायची सोय जाते, आणि चेन १६ इंची करून मंगळसूत्राच्या वर घालायची तर लॉकेट काढावंच लागतं, तेव्हा हे मात्र आधी मनाशी ठरवा.

काही खर्च करण्याआधी एक संध्याकाळ आरशासमोर द्या. शिवणाची टेप मानेच्या बुडाशी फिरवा, एक बोट आत जाईल इतपत सैल, आणि आकडा लिहून ठेवा. मग जाड पांढरा दोरा किंवा लोकर घेऊन १६, १८, २०, २२ आणि २४ इंचांचे तुकडे कापा, गाठीसाठी इंचभर जास्त धरून. प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी लावा. ज्या दोऱ्याला पुढे लॉकेट येणार असेल त्याच्या मध्यावर लॉकेटच्या मापाचा कागद चिकटवा. मंगळसूत्र गळ्यात ठेवूनच एकेक दोरा बांधा आणि रोजचे कपडे घालून पाहा : एक गोल गळ्याचा कुर्ता, एक कॉलरचा शर्ट, एक साडी. उभं राहून फोटो, खुर्चीत बसून फोटो, वाकून फोटो. तुमच्या हातातल्या फोटोतल्या मॉडेलचा गळा १२ इंचांचा असेल आणि तुमचा १४, तर तिला जी १६ इंची चेन हाडावर रुळते ती तुम्हाला गळ्याशी टोचेल. चेन मानेच्या मापापेक्षा निदान दोन-अडीच इंच मोठी असावी. मान १४ इंच किंवा त्याहून मोठी असेल तर १६ इंचीचा विचार सोडा आणि लांबीकडे जा.

ही चाचणी झाली की सोन्याच्या चेनचं काय करायचं ते ठरेल. मान १३-१३.५ इंचांची असेल तर चेन न कापता १६ इंचांवर आणता येते. हुकाच्या समोरच्या टोकापासून दोन इंच आत एक जादा कडी झाळून (सोल्डरने पक्की जोडून) घ्यायची. हूक त्या कडीत अडकवला की चेन १६ इंची, उरलेलं दोन इंचांचं टोक मागे केसांखाली लोंबतं. शेवटच्या कडीत अडकवला की पुन्हा १८ इंची. तुमची चेन सुट्या कड्यांची असेल तर बारीक हूक कुठल्याही कडीत जाऊ शकतो, वेगळी कडी नकोच. दोरीसारख्या पिळाच्या किंवा पेटीसारख्या घडणीच्या चेनमध्ये हूक जात नाही, तिथे कडी हवीच. आणि मान मोठी असेल तर उलट करायचं. मागे चार इंचांची जोड-चेन लावून २२ इंची करायची आणि लॉकेट मंगळसूत्राच्या खाली येऊ द्यायचं. बारीक चेनला एवढ्या जोडीसाठी साधारण एक ग्रॅम सोनं लागतं, जाडीप्रमाणे थोडं कमी-जास्त.

एक सावधगिरी. सापासारखी गुळगुळीत, सपाट चेन असते ना, ती रोजच्या पदरांत घेऊ नका. तिला एकदा मुडप बसली की सरळ होत नाही आणि दुरुस्तीही नीट जमत नाही. आतून पोकळ असलेल्या चेनवर दुसरी जड चेन घासली की पोचे पडतात.

मानेवरच्या लाल रेघेकडे मी जास्त गांभीर्याने बघेन. रेघ चेनच्या ओळीत उमटली आहे आणि ऑक्सिडाइज्ड चेन घालायला लागल्यावरच उमटली, असं तुम्ही लिहिलंय. बाजारात "ऑक्सिडाइज्ड" म्हणून मिळणारे बरेच दागिने चांदीचे नसतात, जर्मन सिल्व्हरचे असतात. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते. तांबं, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू. निकेलची ॲलर्जी पुष्कळ जणींना असते आणि घामाने ती वाढते, कारण घामात निकेल सुटतं आणि त्वचेत शिरतं. ती चेन आजपासून बंद करा. चट्टा आठवड्याभरात ओसरला नाही, किंवा पाणी सुटायला लागलं, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. चेनला पारदर्शक नेलपॉलिश लावायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो थर घामाने आणि घासण्याने थोड्याच दिवसांत निघतो, रोजच्या वापराला उपयोगाचा नाही. पांढरा धातू हवाच असेल तर ९२५ चा, म्हणजे ९२.५ टक्के शुद्धतेचा, शिक्का असलेली चांदी घ्या. वन ग्रॅम गोल्डच्या बाबतीतही हेच. वरचा सोन्याचा थर विरला की खालचं तांबं किंवा पितळ त्वचेला लागतं आणि हिरवट डाग पडतो. असे दागिने तासा-दोन तासांच्या कार्यक्रमाला ठीक, नऊ तासांच्या ड्युटीला नाहीत.

सोनं आणि चांदी एकत्र घालावं का? हरकत काहीच नाही. मात्र एक सोनेरी आणि एक पांढरी चेन नुसत्या शेजारी ठेवल्या तर घाईत चुकून घातल्यासारख्या दिसतात. दोघींना जोडणारं काहीतरी मध्ये लागतं. तुमच्याकडे ते आहे. मंगळसूत्राचे काळे मणी सोन्याशीही जुळतात आणि काळसर चांदीशीही. मंगळसूत्र १८ इंचांवर, त्याच्या खाली चांदीची २२ किंवा २४ इंची, त्यात एखादा काळा किंवा गडद मणी असला तर उत्तमच. एवढ्यावर थांबा. त्या दिवशी सोन्याची चेन घरी ठेवा.

खरं तर रोजच्यासाठी माझं मत दोनच पदरांचं आहे. तिसरा सणाला. मंगळसूत्र धरून दोन. ऑफिसच्या कपड्यांवर तिसरा पदर सांभाळण्यातच दिवस जातो.

कोणत्या गळ्यावर काय, हे टेलरच्या भाषेत सांगते. गोल गळा पुढून पुरेसा खोल असेल तर दोन्ही पदर त्वचेवर मावतात. चेनचं खालचं टोक गळ्याच्या कडेपासून निदान इंचभर दूर असू द्या, आत किंवा बाहेर. नेमकं कडेवर आलं की ते कधी कापडाच्या आत जातं, कधी बाहेर, आणि दिवसभर हात तिथेच. कॉलरच्या शर्टाचं वरचं एक बटण उघडं असतं तेव्हा मंगळसूत्राच्या वाट्या बरोबर त्या टोकाशी येतात, दुसऱ्या पदराला जागा उरत नाही. एकटं मंगळसूत्रच छान दिसतं. बंद गळा किंवा बोट नेक असेल तर मंगळसूत्र आत जाऊ द्या आणि वर एकच लांब, २६ इंचांच्या पुढची. गळ्याला कशिदा किंवा आरशांचं काम असेल तर त्या कुर्त्याचा दागिना तोच आहे. साडीवर लांब चेन खांद्यावरच्या पिनेत अडकते आणि अर्धी झाकलीही जाते, म्हणून साडीला वरची जोडी करा : ठुशी आणि छोटं मंगळसूत्र. आजीची ठुशी तिथे शोभेल. येवल्याची पैठणीच हवी असं नाही, साध्या सुती साडीवरही ती सुरेख दिसते.

पण ठुशी रोज नको. ती दोऱ्यात ओवलेली असते, घामाने आणि मळाने दोरा आतून कुजतो आणि बाहेरून कळत नाही. घालण्याआधी मागची दोरी दोन्ही हातांनी हलकेच ताणून पाहा. तंतू सुटे दिसले किंवा दोरी ताठ, काळी पडली असेल तर आधी गाठवून घ्या. नवी चांदीवर सोन्याचं पाणी दिलेली ठुशी घेतलीत तरी दोऱ्याचा नियम तोच.

आता सासूबाई. त्यांचं वाक्य तुम्ही "त्यांना नटणं आवडत नाही" असं वाचलंत. तसं असेलही. पण "रोजच्याला एवढं कशाला" या वाक्यात सोन्याच्या झिजेची काळजी असू शकते, आणि ती खरी आहे. २२ कॅरेट सोनं मऊ असतं. दोन चेन दिवसभर एकमेकींवर घासल्या की झीज होते, आणि त्यांपैकी एक १८ कॅरेटची, म्हणजे जास्त कडक असेल, तर २२ कॅरेटची लवकर झिजते. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून हुकाजवळच्या शेवटच्या कडीकडे बघा. जिथे हूक टेकतो तिथे ती बारीक झालेली, गोलाऐवजी लांबट झालेली दिसली, तर चेन तुटणार ती तिथूनच. दुसरी काळजी रस्त्याची. सोनसाखळी ओढून नेल्याच्या बातम्या आपल्याकडेही येतात, आणि सकाळ-संध्याकाळ स्कूटरवरून एकट्या जाणाऱ्या सुनेबद्दल ते मनात येणं साहजिक आहे. त्यांना एकदा सरळ विचारा, "आई, दिसायला नको वाटतं की जपायचं म्हणून म्हणताय?" जपणुकीचं उत्तर आलं तर तुमच्याकडे सांगायला पुढचं आहे. आणि जमलं तर त्यांचा डबा उघडायला लावा. कोणती माळ कशाखाली घालायची हे त्यांना तुमच्या फोनपेक्षा जास्त माहीत असण्याची शक्यता आहे.

स्कूटरवर फक्त मंगळसूत्र, तेही कुर्त्याच्या आत, आणि मग वर स्कार्फ. स्कार्फ ओढून काढताना हूक धाग्यात अडकतो, तेव्हा आधी गाठ पूर्ण सोडा. दुसरी चेन पर्समध्ये मोकळी टाकू नका. शीतपेयाची एक स्ट्रॉ घ्या, चेनचं एक टोक तिच्यातून ओवून बाहेर काढा आणि हूक लावून टाका. अर्धी चेन नळीत, अर्धी बाहेर, पीळ बसायला वाव नाही. ती छोट्या झिपच्या पाऊचमध्ये ठेवा आणि ऑफिसात पोचल्यावर घाला.

आणि शॉप फ्लोअरवर जाताना लोंबणारं सगळं काढायचं. यात सूट नाही. फिरत्या मशीनमध्ये चेन अडकली तर ती तुटेलच असं नसतं, आणि न तुटलेली चेन मान खेचते. मंगळसूत्र काढायचं नसेल तर ते छोटंच असावं, अंगालगत आत घातलेलं आणि वर बंद गळ्याचं कापड. सुरक्षा विभाग तेही काढायला सांगत असेल तर काढा.

गुंता झालाच तर ओढू नका. चेन काचेवर किंवा सपाट ताटात ठेवा, गाठीवर खोबरेल तेलाचा एक थेंब सोडा, आणि दोन सुया गाठीच्या मध्यात घालून हळूहळू बाहेरच्या दिशेने सैल करा. मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा, खाली गाळणी धरून. मात्र लाख भरलेल्या दागिन्यांना, म्हणजे बोरमाळेचे मणी, ठुशी, काही वाट्या, भिजवू नका आणि गरम पाणी तर नकोच. ओल्या फडक्याने पुसा, कोरड्याने टिपा.

उरला तयार सेट. त्याच्यात एक सोय खरी आहे : तिन्ही पदर एकाच हुकाला जोडलेले, अंतर पक्कं, त्यामुळे गुंता कमी. पण त्यातला एक पदर एकट्याने घालता येत नाही. एक कडी तुटली की तिन्ही घरी. पदरांमधलं अंतर मंगळसूत्र नसलेल्या गळ्यासाठी ठरवलेलं असतं. तुमच्या १८ इंचांवर त्यातला एखादा पदर हमखास येऊन बसेल आणि आजचाच प्रश्न पुन्हा उभा राहील. शिवाय बारीक चेनमध्ये सोन्याच्या मानाने घडणावळ जास्त पडते, वर ३ टक्के जीएसटी, आणि मोडीत घालताना यातलं काही परत मिळत नाही. सेटची मुख्य सोय तुम्हाला वेगळी मिळवता येते. मानेमागे बसणारी दोन-तीन कड्यांची छोटी पट्टी असते. चेनची टोकं वेगवेगळ्या कड्यांत अडकवली की ती एकमेकींपासून दूर राहतात. मी तुमच्या जागी असते तर पट्टी, जोड-चेन किंवा कडी, ठुशीचा दोरा आणि ९२५ चांदीची एक २२ इंची चेन एवढंच केलं असतं, आणि भिशीतले बाकीचे पैसे तसेच ठेवले असते.

सराफ बाजारात जाताना मापाचे दोरे चिठ्ठ्यांसकट घेऊन जा. "थोडी लांब करा" असं सांगू नका, दोरा काउंटरवर ठेवा. जोड त्याच कॅरेटच्या सोन्याची हवी आणि कड्या झाळलेल्या हव्यात, नुसत्या दाबून बंद केलेल्या नकोत, हे आधी बोलून घ्या. चेनवर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्क केलेल्या त्या एका नगाचा ओळख क्रमांक, असेल तर तिथेच बीआयएस केअर या भारतीय मानक ब्युरोच्या ॲपवर तपासा. १ एप्रिल २०२३ पासून तो नसलेला हॉलमार्क दागिना विकता येत नाही, पण आईची चेन जुनी असेल तर तिच्यावर नसणार, त्यात काळजीचं काही नाही. २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या नगाला हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून जोड-चेनचं कॅरेट आणि वजन पावतीवर वेगळ्या ओळीत लिहून घ्या. चेन देताना आणि परत घेताना, दोन्ही वेळा वजन तुमच्यासमोर काट्यावर करून घ्या.